दिसावरातले घर

आपल्या व्यापारी घराण्यांत ‘दिसावर’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. मारवाडातले गाव तो ‘देश’ आणि पोटासाठी जेथे पेढी मांडली ते ‘दिसावर’. माझे पणजोबा पालीकडून रेवदंड्यास आले, तेव्हा कुंडलिकेच्या मुखावरचे हे नारळी-पोफळीचे गाव त्यांच्या लेखी दिसावरच होते. आजोबा मारवाडास निघाले की ‘देशी जातो’ असेच म्हणत. माझ्या पिढीपर्यंत मात्र रेवदंडाच आमचा देश झाला आणि दिसावर आणखी दूर सरकले.

गतवर्षी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी इंग्लंडातील लेस्टर येथे डी माँटफर्ट विद्यापीठात आले. येथे पहिली परीक्षा घेतली ती सूर्याने. कोकण किनाऱ्यावर डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास सूर्य मावळतो. वर्षभरात फरक फार तर सव्वा तासाचा. त्यामुळे चौविहाराचा नेम घरात आपोआप पाळला जाई. लेस्टरला जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि डिसेंबरात चारच्या आधीच सूर्यास्त होतो. सकाळी उगवतोही सव्वाआठला, म्हणजे नवकारशी येते नऊनंतर. प्रयोगशाळेचे तास पाचपर्यंत चालत. साडेतीनला दहा मिनिटांची सुट्टी मागून मी डबा खाऊ लागले.

शेजारच्या टेबलावर नायजेरियाची एक मुसलमान मैत्रीण असे. तिने कारण विचारले, मी सांगितले. पुढे मी कामात गढून गेले की तीच घड्याळाकडे बोट दाखवी. रमजान आला तेव्हा ती वेळ पाहण्याची पाळी माझी झाली. मला सूर्यास्तापूर्वी जेवायचे, तिला सूर्यास्तानंतर. एकाच खिडकीतून एकाच सूर्यावर आम्हां दोघींची नजर. परक्या शहरात कोणीतरी आपल्या नेमाची आठवण ठेवते, हा आधार लहान नव्हे.

विद्यापीठाजवळच ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपले जिनालय आहे. मूळची ही वास्तू ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची. समाजाने ती घेतली, पांढऱ्या संगमरवराने मढवली आणि १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर व दिगंबर दोन्ही मंदिरे, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिर, सारे एकाच छताखाली. आपल्याकडे गावोगावी जे वेगवेगळ्या आळ्यांत असते, ते दिसावरात एका उंबरठ्याआड आले आहे.

तेथे पहिल्याच रविवारी एका वृद्ध बाईंनी मला विचारले, “बेटा, तारुं गाम कयुं?” क्षणभर उत्तर सुचेना. पालीकडचे गाव मी दोनदाच पाहिलेले. मी म्हणाले, “रेवदंडा, अलिबागजवळ.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मारुं गाम कंपाला.” मग त्यांनी मला सहाणेपाशी बसवून केशर-चंदन उगाळायला दिले. पुढच्या रविवारी मी गेले नाही, तर त्यांचा फोन आला: केशर कोणी उगाळायचे? त्या प्रश्नाने मला त्या शहरात जागा मिळाली. पाहुण्याची वाट कोणी कामासाठी पाहत नसते.

त्यांच्या पिढीची हकीकत आपण व्यापाऱ्यांनी जाणून घ्यावी अशी आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. दुकाने, गिरण्या, घरे सारे तेथेच राहिले. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे कळवले होते. तरीही हजारो कुटुंबे आली, कारखान्यांत पाळ्या केल्या, बेलग्रेव्ह रोडवर पुन्हा दुकाने मांडली. आज त्याच रस्त्यावरची दिवाळी हे शहर अभिमानाने मिरवते.

असे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरही आहे. बेने इस्रायल मंडळींचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ती माणसे तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवली गेली आणि मराठी झाली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक जण इस्रायलला गेले. अलिबागची इस्रायल आळी आणि रेवदंड्याचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे आणि तिकडे गेलेल्यांच्या घरांत मराठी बोलली जाते. नेम त्यांनी आपला राखला आणि भाषा शेजाऱ्यांची घेतली; म्हणून दोन्हीकडे त्यांचे घर झाले.

या फाल्गुनात वडिलांनी फोनवर विचारले, “पेढीचे काय करायचे? गिऱ्हाईक आले आहे.” मी एकुलती एक मुलगी. नोकरीची शक्यता येथेही आहे, आणि वडिलांनी आग्रहाचा एक शब्दही उच्चारला नव्हता. मी आठ दिवस मागून घेतले. परदेशात करमत नाही म्हणून परतणे वेगळे आणि करमत असताना परतणे वेगळे. पहिल्या हिवाळ्यात हा प्रश्न आला असता, तर माझे उत्तर घाबरलेल्या मुलीचे ठरले असते. आता मला येथे काम आहे, माणसे आहेत. म्हणून मोकळ्या मनाने निवड करता आली. मी कळवले: पेढी विकू नका. अर्धा भाग भुसारासाठी ठेवा, अर्ध्यात मी औषधांचे दुकान काढीन. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी फळ्यांची मापे घ्यायला दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला.

मुले परदेशी धाडणाऱ्या पालकांना एक विनंती. फोनवर “जेवलीस का?” हे अवश्य विचारावे, पण त्याबरोबर “तेथे कोणाच्या उपयोगी पडतेस?” हेही विचारीत जावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागले की लेकराला दिसावरात घर सापडले, असे खुशाल समजावे.

जय जिनेंद्र.