पंचावन्न मासे

दशावतारी गंजिफा या खेळायच्या पत्त्यांच्या पूर्ण जोडात १२० गोल पानं असतात. दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं: एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. पाहणाऱ्याची नजर राजा-वजिरांवर जाते, आणि ती जावी अशीच ती असतात, रंगांनी गच्च भरलेली. शिकणाऱ्याच्या हाती मात्र आधी साधी पानं येतात. मत्स्याच्या एक्क्यावर एक मासा, दुर्रीवर दोन, तिर्रीवर तीन, असं करत दश्शीवर दहा. बेरीज केली की ५५ मासे. मग कूर्माची ५५ कासवं, परशुरामाचे ५५ परशू. दहा अवतारांचं मिळून ५५०. हा आकडा ऐकून आमच्या शिकणाऱ्यांतल्या एकीने तिथेच हात जोडले. मला मात्र फार आनंद झाला. एकच आकार पुन्हा पुन्हा काढायला मिळावा, ही माझी लहानपणापासूनची हौस.

ती लागली आजीच्या घरच्या पाटांमुळे. सावंतवाडीहून आणलेले ते रंगीत पाट सणावारी माळ्यावरून खाली यायचे. लाल जमिनीवर पिवळी-हिरवी वेल. पानं वाढून होईपर्यंत मी त्या वेलीवरून बोट फिरवत बसायची. तिच्या पाकळ्या एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला अणकुचीदार होत्या, आणि त्यांना बाहेरची रेघच नव्हती. शाळेत तर आम्ही आधी पेन्सिलने फूल काढायचो आणि मग ते रंगवायचो. रेघ न काढता फूल कसं होतं, हे तेव्हा मला घरात कुणीच सांगू शकलं नाही.

शाळेत एलिमेंटरीला संकल्पचित्राचा पेपर होता. चौकोन आखायचा, कंपासने वर्तुळं काढायची, त्यात पानाफुलांचे आकार बसवायचे आणि पोस्टर कलरने सपाट भरायचे. त्या पेपरने मला एक गोष्ट पक्की शिकवली: एका भागाला लागेल तेवढा रंग एकदमच कालवून ठेवावा, कारण दुसऱ्यांदा कालवलेली छटा पहिलीशी कधीच जुळत नाही. पण सगळा जीव रेघेच्या आत राहण्यात जायचा. ब्रशने स्वतःचा आकार उमटवावा अशी मुभा तिथे नव्हती. शिवाय खरी चित्रकला म्हणजे वस्तुचित्र आणि निसर्गचित्र, नक्षी हा मार्क मिळवून देणारा पेपर, अशीच सगळ्यांची समजूत. ती मला तेव्हाही पटली नव्हती.

पाटावरच्या पाकळीचं अर्धं उत्तर मिळालं ते मामेबहिणीच्या रुखवताच्या वेळी. मावशी उशांचे अभ्रे रंगवत होती. तिने चपट्या ब्रशचा एक कोपरा गुलाबी रंगात बुडवला, दुसरा पांढऱ्यात, आणि कापडावर तो अर्धगोल फिरवला. कडेला गडद, आत फिकट होत गेलेली पाकळी एका फटकाऱ्यात तयार! पाच वेळा फिरवला की फूल. त्या दुपारी मी किती पाकळ्या काढल्या असतील कोण जाणे. पुढे नोकरी आणि संसार, आणि ब्रश कपाटात गेले ते बरीच वर्षं तिथेच राहिले.

मग एकदा सावंतवाडीला गेले. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कलाकार बसलेले पाहिले. कुणाच्याही हाताखाली पेन्सिलची रेघ नव्हती, आणि पाटावरची पाकळी तिथे डोळ्यांदेखत उमटत होती. तिथेच ठरलं, की हे शिकायचं.

या कलेची हकिकत शिकाऊ माणसाला बळ देणारी आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीत गंजिफा करणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे ती जाणत होते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी त्यांना गाठलं, इतरांना शिकवण्याची गळ घातली आणि स्वतःही त्यांच्याकडून शिकले. म्हणजे संस्थानचा राजा आणि राणी, दोघंही जाणती माणसं, एका चितारीसमोर नवशिके होऊन बसली. आश्रय देऊन, पैसे पुरवूनही त्यांना हे काम करता आलं असतं. पण हात धरून शिकलेली विद्या हातातच टिकते, आणि त्यांनी ती आधी स्वतःच्या हातात घेतली. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. आज तिथे ब्रश धरणाऱ्या प्रत्येकावर त्या दोघांचं ऋण आहे, असं मी मनापासून मानते.

मला शिकवणारे काका उतारवयाचे. पहिल्याच दिवशी माझा हात बघून म्हणाले, "रेघ ओढू नको गो बाय, सोड." पुढचे कितीतरी दिवस मी तेवढंच शिकत होते.

ब्रश बुडवायचा तो निम्म्यापर्यंतच. केस पत्र्याच्या नळीत शिरतात तिथे रंग पोचला की तो आत सुकतो, केस फाकतात आणि टोक कायमचं जातं. रंग निरशा दुधाहून दाट आणि सायीहून पातळ हवा. घट्ट झाला तर ब्रश अर्ध्या वाटेत कोरडा पडून पाकळीची शेपटी तुटते. पातळ झाला तर टोकाशी थेंब साठतो. भरलेला ब्रश ताटलीच्या कडेवर गोल फिरवत टोकावर आणायचा. मग करंगळी टेकवायची, टोक पानाला लावायचं, हलकेच दाबायचं, केस पसरले की आपल्याकडे ओढायचं आणि ओढता ओढताच उचलत जायचं. दाब असेल तिथे पाकळीचं पोट, दाब संपेल तिथे तिचं टोक. आजीच्या पाटावर बाहेरची रेघ का नव्हती, ते इतक्या वर्षांनी माझ्या मनगटाला कळलं. आणि मासा म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन पाकळ्याच की! शेपूट, खवले, डोळा हे नंतर, बारीक ब्रशने, खालचा थर पूर्ण वाळल्यावर.

मनगटाला सोयीची दिशा एकच असते. म्हणून हात वळवायचा नाही, पान फिरवायचं. गोल पानाला वर-खाली नसल्यामुळे ते सहज जमतं. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, दगडाने घोटून पान करत. वर लाखेचा हात. तसं घोटलेलं एक जुनं पान काकांनी माझ्या हातात दिलं. त्याच्यावर ब्रश कसा धावत असेल, ते नुसत्या स्पर्शाने समजलं. आम्ही पुठ्ठ्यावर शिकतो.

ब्रशाबद्दलही सांगायला हवं. जुने चित्रकार खारीच्या शेपटीचे केस वापरत. आपल्या बाजारात मुंगसाच्या केसांचे ब्रशही फार चालत, कारण त्यांचं टोक छान राहतं. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे, तरी ते चोरून विकले जातात. एका माशाच्या खवल्यांसाठी दुसरा जीव मारावा, हे मला सहन होत नाही. नायलॉनच्या केसांचा ब्रश रंग थोडा कमी धरतो, तेव्हा तो जास्त वेळा बुडवावा लागतो. बुडवावा.

काकांची एक शिकवण मला सगळ्यात मोलाची वाटते. संच करताना ते दश्शीपासून सुरुवात करायला लावतात. दहा मासे एका वर्तुळात बसवायचे, म्हणजे प्रत्येक लहान आणि झटपट. हात मोकळा होतो. मग नश्शी, अठ्ठी, सत्ती... मासे कमी आणि मोठे होत जातात, प्रत्येकाची जबाबदारी वाढते. एक्क्यावर एकटा मासा, त्याला लपायला जागा नाही. तो शेवटी. खेळण्याच्या पानांतच शिकण्याचा क्रम दडलेला आहे. शिवाय ही पानं ओळखू यायला हवीत. दिवसा खेळ रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. हातात पंख्यासारखी धरलेली पानं खेळणाऱ्याला दिव्याच्या उजेडात एका नजरेत वाचता आली पाहिजेत. म्हणून ५५ मासे एकाच जातीचे हवेत, आणि हाताने काढलेले असल्यामुळे प्रत्येक किंचित वेगळाही असतो.

नक्षीला कमी लेखणाऱ्यांना मी रुडॉल्फ फॉन लेडन यांचं उदाहरण देते. मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या पाठीशी उभा राहिलेला हा कलासमीक्षक आयुष्यभर गंजिफा जमवत होता. त्यांचा गंजिफावरचा ग्रंथ १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमने काढला. नव्या चित्रकलेची पारख असलेल्या त्या नजरेला हे छोटे मासे आणि कासवंही तितकीच मोलाची वाटली.

सध्या मी परशुरामापाशी आहे. परशूचा दांडा एका दमात सरळ यावा लागतो, आणि पात्याची पाकळी उलटी असते: टोकाकडून धारेकडे दाब वाढवत न्यायचा. दाब कमी करत जाणं हाताला आलं आहे, वाढवत जाणं अजून यायचं आहे. परवा निघताना काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "नव पानां करून हाड. एक्को हंय बसान करूया."