शून्य आणि कोरा रकाना

उज्जैनचा रेखांश किती? सूर्यसिद्धांताच्या गणितात शून्य, कारण मध्यरेषाच तेथून जाणारी धरलेली. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत जगाची शून्यरेषा ग्रिनिचवर ठरली, ते असो. पण शून्य ही रिकामी जागा नव्हे. आम्हा कॉमर्सवाल्यांना तर हे सांगायलाच नको: शिल्लक शून्य असणे निराळे आणि खतावणीत रकाना कोरा असणे निराळे.

२०१४ साली आलेली स्विफ्ट ही संगणकभाषा हा भेद कसोशीने पाळते. क्लासमधला ऐच्छिक गुणधर्म 'व्हार', म्हणजे बदलता असला आणि आपण काही भरले नाही, तर ती आपणहून 'निल' धरते. पुढे हवे ते भरावे. तोच 'लेट', म्हणजे कायमचा असला, तर ती काहीच गृहीत धरत नाही. वस्तू तयार होतानाच 'निल' असेदेखील स्पष्ट लिहून द्यावे लागते, आणि मग त्यात बदल नाही.

हा हट्ट मला आजीमुळे पटला. तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. कागदोपत्री मात्र १ जून. आमच्याकडे कितीजणांची असते! वर्षही कुणीतरी अंदाजाने घातलेले, आणि त्या अंदाजापायी तिचे वृद्धापवेतन लांबले. तिला विचारले तर शेजारणीच्या कन्नडात म्हणते, "गोत्तिल्ल." त्या रकान्यात मी एवढेच लिहिले असते.