एकमताने मंजूर

जिनिव्हा येथे १० ते १२ डिसेंबर २००३ या काळात माहिती समाजविषयक जागतिक शिखर परिषद भरली. तिच्या दोन दिवस आधीच नागरी संघटनांच्या आमसभेने आपला स्वतंत्र जाहीरनामा एकमताने संमत केला. सरकारी मसुद्यात आपले म्हणणे उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. विषयवार व प्रदेशवार गट मजकूर लिहीत, एक समन्वय गट तो जुळवी आणि आमसभा मान्यता देई. मते मोजण्यापेक्षा आक्षेप मिटवण्यावर भर असे. कोणी हरकत घेतली नाही, की सहमती!

फायलीवर शेवटची सही कोणाची, हे आधी पाहणाऱ्या माझ्यासारख्याला ही रीत विलक्षण वाटली, आणि खरे सांगायचे तर हेवाही वाटला. मात्र तेथील चर्चा मुख्यतः इंग्रजीत चाले, हे वाचले आणि ओडिशातील पुनर्वसनाची एक बैठक आठवली. ‘कोणाची हरकत आहे काय?’ असे मी तीनदा विचारले होते. सभा गप्प. इतिवृत्तात मी ‘एकमताने मंजूर’ असे लिहविले. परतताना दुभाषी म्हणाला, “साहेब, मागे बसलेल्या बायका कुई बोलणाऱ्या. त्यांना ओडिया कळत नव्हते.”

इतिवृत्त तसेच राहिले. खाली सही माझीच आहे.