आईने आईच राहावं

घरातल्या कर्त्यासवरत्या माणसाचं मन आजारी पडतं आणि तो मात्र ‘मला काहीही झालेलं नाही’ असं ठामपणे सांगत राहतो, तेव्हा त्या घरातली नाती आपापली कामं सोडून हळूहळू भलत्याच कामांना जुंपली जातात. आई पहारा करू लागते. बहीण त्याचा फोन चोरून बघते. भाऊ सुऱ्या-कात्र्या कुलपात ठेवतो आणि दाराशी अंथरूण टाकतो. वडील तेच ते पुन्हा समजावत राहतात. त्याच्याशी सहज गप्पा मारणारं घरात कुणी उरत नाही, कारण प्रत्येक वाक्याच्या पोटात एकच प्रश्न असतो: हा आज तरी डॉक्टरकडे येईल का? तो प्रश्न कुणी उच्चारला नाही तरी त्याला ऐकू येतो, आणि तो आणखी आत सरकतो.

बाहेरच्या मदतीबद्दल आपण बोलतो ते बहुधा हात टेकल्याच्या सुरात. ‘आता आमच्याच्याने होत नाही’ असं म्हणायची पाळी आली की मग कुणाला तरी सांगायचं, अशी आपली रीत आहे. ही रीतच पुष्कळ घरांच्या मुळावर येते, असं मला वाटतं. उपचार करणं, धोका ओळखणं, नकार पचवून पुन्हा विचारणं ही कामं शिकलेल्या आणि काम संपलं की आपल्या घरी जाणाऱ्या माणसांची आहेत. ती त्यांच्या हाती लवकर गेली, तरच घरच्यांना घरचं म्हणून राहता येतं.

माझी आत्या सांगलीला राहते. जन्मभर शाळेत शिकवलं, नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा हेच तिचं जग. हा आतेभाऊ पस्तिशीच्या आसपास नोकरी सोडून घरी आला. आधी त्याची झोप गेली. मग खिडक्यांच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटली. शेजारचे भिंतीला कान लावून बसतात, असं तो सांगू लागला. नातेवाइकांनी आपापल्या समजुतीप्रमाणे सल्ले दिले. लग्न करून द्या, मार्गी लागेल. नरसोबाच्या वाडीला नेऊन आणा. एकाने देवऋषी सुचवला. कुणी म्हणालं, त्या गोळ्या एकदा लागल्या की जन्माच्या लागतात, त्यापेक्षा थांबा जरा. आत्या पुष्कळ थांबली. शेवटी एका डॉक्टरांना त्याच्या माघारी सगळं सांगून तिने गोळ्या आणल्या, खलबत्त्यात कुटल्या आणि आमटीत घालू लागली.

हे आपल्याकडे अनेक घरांत चालतं. मायेपोटी आणि भीतीपोटी चालतं, म्हणून त्यावर कुणी मोठ्याने बोलत नाही. आतेभाऊ काही रात्री शांत झोपलाही. मग एकदा वाटीच्या तळाशी त्याला पांढरा साका दिसला. आपल्या अन्नात कुणीतरी काहीतरी कालवतंय, असा ज्याला आधीपासून संशय होता, त्याला आता पुरावा मिळाला, आणि तो आईच्या हातच्या वाटीत मिळाला. त्यानंतर तो केळी खायचा, शहाळ्याचं पाणी प्यायचा, बंद पुड्यातली बिस्किटं खायचा. जे आपल्या हाताने सोलता किंवा उघडता येईल तेवढंच. तोवर त्याच्या संशयाच्या यादीत शेजारी होते, जुने साहेब होते, आई नव्हती. औषधाच्या वाटेने ती त्या यादीत गेली.

मी आत्याला दोष देत नाही. दुसरी वाट आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने आईपण आणि डॉक्टरकी एकाच वाटीत कालवली; कारण दोन्ही करायला ती एकटीच होती.

त्याचा नकार घरात सगळ्यांना हट्ट वाटायचा. पण स्किझोफ्रेनियासारख्या आजारात ‘आपण आजारी आहोत’ ही जाणीवच अनेकदा बंद पडते. वैद्यकशास्त्र त्याला ॲनोसोग्नोशिया म्हणतं. पक्षाघाताच्या काही रोग्यांना आपला हात लुळा पडल्याचं उमगत नाही, त्याच जातीचं हे लक्षण. अशा माणसाला पुरावे देऊन पटवायला गेलं, की तो आपल्याला खोटं पाडायला बसलेल्यांपासून दूर पळतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ झेवियर ॲमाडॉर यांच्या सख्ख्या भावाला हाच आजार होता. त्याच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही, हे घरात अनुभवल्यावर त्यांनी एक पद्धत मांडली: त्याचं ऐकायचं, त्याच्या भीतीची कदर करायची, जिथे खरोखर एकमत होईल तेवढी जागा शोधायची आणि तिथून सोबतीने पाऊल टाकायचं. आजार कबूल करवून घ्यायची गरज नसते. ‘तुझी झोप गेलीय, तिचं काहीतरी करू या’ यावर दोघांचं एकमत होऊ शकतं.

पण हे आईला जमणं कठीण. तिचा इतिहास मोठा असतो, तिच्या डोळ्यांत काळजी दिसते, आणि तिच्याबरोबरची भांडणं ताजी असतात. जमलं ते आतेभावाच्या शाळेपासूनच्या मित्राला. त्याला आम्ही एवढंच सांगितलं की डॉक्टरचा विषय काढू नकोस, नुसता येत जा. तो यायचा, बुद्धिबळाचा पट मांडायचा, डाव खेळायचा, निघून जायचा. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हे आतेभावाने पहिल्यांदा कबूल केलं ते त्या पटावर. पुढे त्याच मित्राबरोबर एक मनोविकार समाजसेविका घरी येऊ लागली. तिने आल्या आल्या कुठलाही सल्ला दिला नाही. बाहेरची मदत अशी मित्राच्या पावलांनीही येते.

आत्यासाठी त्या समाजसेविकेने सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. रुग्ण येत नसला तरी घरच्यांनी मनोविकारतज्ज्ञाला भेटावं. मागायची असते ती दिशा, चोरून द्यायचं औषध नव्हे. वही ठेवावी: झोप किती, जेवण काय, काय बोलला, कशाने चिडला, तारखेनिशी. आपलं मत त्यात लिहू नये. पुढे दोन डॉक्टरांना काही ठरवायचं असतं, तेव्हा आईच्या हुंदक्यापेक्षा ती वही जास्त बोलते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग असतो. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि काळजीवाहू माणसानेही तिथे फोन करावा. थांबत राहण्याची किंमत जबर असते. मनोविकृतीचा आजार उपचारांविना जितका लांबतो, तितकं सावरणं अवघड होत जातं. निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, गरज असून उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के निघालं. म्हणजे आत्यासारखं थांबून राहिलेली घरं हा अपवाद नाही, तोच आपल्याकडचा नियम आहे.

सगळं करूनही माणूस नाहीच म्हणाला तर? ‘तो सज्ञान आहे, कायद्याने काही करता येत नाही’ हे वाक्य या टप्प्यावर हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाच्या नकाराला मोठा मान देतो, आणि तो द्यायलाच हवा. न दिला तर काय होतं, ते एरवाडीत दिसलं. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला पहाटे आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यांनाही घरच्यांनीच, बरं व्हावं म्हणून, तिथे ठेवलं होतं. आजच्या कायद्यात साखळदंडाला मज्जाव आहे, भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी आहे. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, मारहाण करणं हा गुन्हा ठरवला.

पण २०१७चा हाच कायदा बंद दारातून एक वाटही ठेवतो. माणसाने नुकतीच स्वतःला इजा करण्याची धमकी दिली असेल किंवा तसा प्रयत्न केला असेल, दुसऱ्याच्या अंगावर गेला असेल, किंवा स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलं असेल की त्याला अपाय होण्याचा धोका असावा, तर कलम ८९ खाली त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने उभं राहणाऱ्या माणसाच्या, अर्जावरून त्याला दाखल करता येतं. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. मुदत ३० दिवसांपर्यंत. पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं आणि रुग्णाला तिथे दाद मागता येते. अगदी आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कलम ९४ खाली ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात पोचवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. कोठडीत टाकायला मनाई आहे. घरात कुणा रुग्णाची आबाळ किंवा छळ होत असेल तर पोलिसांमार्फत ते दंडाधिकाऱ्यांपर्यंत नेता येतं, आणि तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात.

आतेभावाने खाणं जवळजवळ सोडलं, अंगावरचे कपडे सैल लोंबू लागले, तेव्हा या कलम ८९ची वेळ आली. अर्जावर सही कुणी करायची? सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. समाजसेविका शांतपणे म्हणाली, ‘आईंनी नको.’ त्याने आधी कुणाचं नाव लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि अशा वेळी कायदा नातेवाइकाला प्रतिनिधी मानतो. सही माझ्या वडिलांनी केली, म्हणजे त्याच्या मामांनी. रुग्णालयात असताना आणि घरी परतल्यावरही कितीतरी काळ तो मामांवर चिडून होता, फोनसुद्धा घ्यायचा नाही. वडिलांनी ते सोसलं. राग त्यांच्याकडे गेला, म्हणून आईकडे जेवण परत आलं. ती ताट वाढायची आणि त्याच्यासमोर त्याच भांड्यातून आपलं वाढून घ्यायची. गोळी तो स्वतः, पाकिटातून फोडून, सगळ्यांदेखत घ्यायचा. उशिरा का होईना, डॉक्टरकी आणि आईपण वेगळं झालं.

घरालाही मदत लागते, आणि ती उपचारांनंतर संपत नाही. कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाबरोबर आयुष्य काढलं आणि तो अनुभव दाराआड न ठेवता पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा ‘देवराई’ हा २००४चा चित्रपटही वाणींच्याच पुढाकारातून आला. अशा ठिकाणी शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे आजारी माणूस आणि त्याला सांभाळणारा, दोघांनाही बसायला जागा असते. आत्याला तिथली एक बाई पहिल्याच भेटीत म्हणाली, ‘तुम्ही शेवटच्या कधी झोपलात?’ इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या मते सगळ्यात मोलाची मदत बरं वाटू लागल्यावरची असते. कुठलाही सज्ञान माणूस, शुद्धीत आणि समजेत असताना, आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकतो: मी पुन्हा आजारी पडलो तर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत. आपला प्रतिनिधी तर साध्या कागदावर लिहून, सही करून नेमता येतो. आतेभावाने तसं केलं. मामांचं नाव लिहिलं नाही, बुद्धिबळाच्या मित्राचं लिहिलं. आणि आत्याला म्हणाला, ‘तुझं नाव मुद्दामच नाही घातलं. तू यात नको.’

आत्याला ते आधी लागलं. मला मात्र त्यात आजवरचा सगळ्यात शहाणा निर्णय दिसतो. एके काळी आपल्याला जबरदस्तीने नेलं म्हणून चिडलेल्या माणसाने, पुढच्या वेळी दार कुणी ठोठवायचं हे स्वतः ठरवलं. बाहेरच्या मदतीचं सगळ्यात चांगलं रूप हेच, की ती आजारी माणसाने स्वतः निवडलेली असावी. आपल्या घरातली गोष्ट चारचौघांत जाईल म्हणून जे आज गप्प आहेत, त्यांना मला कळकळीने सांगायचंय: मित्राला बोलवा, समाजसेविकेला बोलवा, गरज पडली तर कायद्याला बोलवा, आणि हे वेळेवर करा. औषध कोण देतं याने तुमच्या आजारी माणसाला पुढे फारसा फरक पडणार नाही. आईच्या हातचं जेवण विश्वासाने जेवता येतं की नाही, याने मात्र फार पडेल.