आधी नऊने भागून बघ

मागच्या वर्षी अल क्वोजच्या आमच्या गोदामात वार्षिक मोजणी झाली, तेव्हा ५,४०० पितळी व्हॉल्व्ह कमी भरले. रजिस्टरात होते, रॅकवर नव्हते. किल्ली ज्याच्याकडे असायची, त्या बिहारच्या मुलाकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. खरं सांगते, माझीही वळली.

डोंबिवलीला बाबा बँकेत होते. तेरीज जुळेना की म्हणायचे, "आधी फरक नऊने भागून बघ." रात्री भांडी घासताना ते आठवलं. ५,४०० ला नऊने पूर्ण भाग जातो. सकाळी लवकर जाऊन जुन्या पावत्या काढल्या. २,८५० नगांची नोंद ८,२५० अशी झाली होती. अक्षर माझंच होतं.

लेकीला हे सांगितलं तर तिचा प्रश्न, "नऊच का?" मी म्हटलं, दहा, शंभर, हजार, कशालाही नऊने भाग, बाकी एकच उरते. म्हणून संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला नऊने भागलं की बाकी सारखीच. अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते, म्हणून फरक नऊच्या पटीतच येतो.

मग तिला बाबांचा आवडता खेळ दाखवला. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असं करत नऊ एकांपर्यंत गेलं की येते १२३४५६७८९८७६५४३२१. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. अंकांची बेरीज ८१, आणि संख्येला ८१ नेच पूर्ण भाग जातो! दहावा एक जोडला की मात्र हातचा येतो आणि ओळ मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना 'डेम्लो' नाव दिलं देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी. हे नाव डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून घेतलं, असं सांगतात. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आणि हे मास्तर जगाला माहीत झाले. लेक म्हणाली, "आजोबांच्या डोंबिवलीचा नंबर?" आणि लगेच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला.

भाग गेला म्हणजे चूक अंकांच्या अदलाबदलीचीच असते, असं नाही. पण कुणाकडे बोट दाखवण्याआधी आपली वही पुन्हा बघावी, एवढं तो नक्की सांगतो.

त्या मुलाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. "हो जाता है, मॅडम," म्हणाला आणि किल्ली घेऊन शटर उघडायला गेला. या दिवाळीत फराळाचा पहिला डबा त्याला दिला.