तपासले किती, सावरले किती?

आरोग्य शिबिरांच्या अहवालांत एक शब्द हमखास भेटतो : ‘लाभार्थी’. तीनशे लाभार्थी झाले असे लिहिले की देणगीदार समाधानी आणि आयोजक कृतार्थ. फलटणसारख्या गावात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला मात्र त्यांतील काही लाभार्थी पुढेही भेटतात. असेच एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्याकडे आणले गेले. मुलाने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. आठ महिन्यांपूर्वीच्या शिबिरातील नोंद होती : रक्तदाब १९०/११०, आणि खाली शेरा, ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’. कोणत्या डॉक्टरांचा, कधी आणि यांना तिथवर नेणार कोण, याविषयी कागद मूक होता. शिबिराच्या हिशेबी मात्र ते लाभार्थीच होते.

अनुदानावर चालणाऱ्या उपक्रमांत हीच उणीव दिसावी म्हणून ‘लॉजिक मॉडेल’ नावाची पद्धत वापरतात. कॉर्नफ्लेक्समुळे परिचित असलेल्या केलॉग यांनी १९३० साली अमेरिकेत स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाने तिची मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली आहे. नाव भारदस्त असले तरी गाभा पाच साध्या प्रश्नांचा आहे. आपल्याजवळ पैसा, माणसे, साहित्य काय आहे? त्यातून आपण काय करणार? केल्यावर मोजण्याजोगे काय हाती येईल? त्यामुळे माणसांत कोणता बदल घडेल? आणि शेवटी त्यांच्या आयुष्यात काय फरक पडेल? प्रत्येक दोन उत्तरांमध्ये एक ‘जर–तर’ असतो. साखळी तुटते ती बहुधा तिथेच.

तीनशे जणांचा रक्तदाब मोजणे हे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर झाले. रक्तदाब आटोक्यात येणे हे चौथ्याचे, आणि झटका टळणे हे पाचव्याचे. आपले बहुतेक अहवाल तिसऱ्या पायरीवरच विसावतात.

याहून पुढे जाणारे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू झाला. केंद्र व राज्य सरकारे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना त्यात सहभागी होत्या. पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांच्या जिल्ह्यांत आपला सातारा होता. ठरलेली सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिकांसह सर्वांनी वाटून घेतलेले काम, घराजवळ मिळणाऱ्या महिन्याभराच्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, अशी त्याची पंचसूत्री. यातले प्रत्येक सूत्र एकेका ‘जर–तर’ची काळजी घेते. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची मोजणी. किती जणांना तपासले एवढ्यावर ती थांबत नाही. नोंदवलेल्यांपैकी कितींचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला, हे ती विचारते. जो रुग्ण पुन्हा आलाच नाही, तो हिशेबातून गळत नाही. ‘भेट चुकली’ म्हणून त्याची वेगळी गणना होते. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

उद्या आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाला एखादे अनुदान मिळाले, तर मंडप आणि फलक यांच्या आधी एका कोऱ्या कागदावर हे पाच प्रश्न लिहावेत, आणि उत्तरे शेवटून सुरुवातीकडे शोधावीत. झटके टळावेत, तर रक्तदाब आटोक्यात हवा. तो हवा, तर गोळ्या रोज पोटात जायला हव्यात. त्या जाव्यात, तर संपण्याआधी नव्या मिळायला हव्यात. आणि ज्यांना एस.टी. चढवत नाही, त्यांच्यापर्यंत त्या कोणीतरी पोहोचवायला हव्यात. मग ध्यानात येते की मोठे शिबिर एकदा घेण्यापेक्षा गावातल्या एका माणसाचा वर्षभराचा फेरा अधिक उपयोगी ठरेल.

एक सावधगिरी मात्र हवी. कागदावरचा बाण म्हणजे सिद्ध झालेले सत्य नव्हे. वयोवृद्धांत औषधाने रक्तदाब फार उतरला, तर उभे राहताना भोवळ येते, तोल जातो, आणि एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते. म्हणून योजनेत ‘काय सुधारले’ याच्या शेजारी ‘काय बिघडले’ असाही रकाना असावा. औषध सुरू झाल्यावर रक्तदाब बसून आणि उभ्यानेही मोजावा. भोवळ आली म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

घरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही हाच विचार उपयोगी आहे. घरातील दिनदर्शिकेवर चार गोष्टी लिहाव्यात : आजचा रक्तदाब, गोळी घेतली की नाही, गोळ्या कधी संपतात आणि पुढच्या तपासणीला सोबत कोण जाणार. चौथ्या नोंदीपुढे एखाद्याचे नाव लिहिलेले असले, की पहिल्या तीन नोंदी सहसा चुकत नाहीत.