वर्गणी नको, हिशेब हवा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल शिकतं त्या पालकाकडे शाळेचं मागणं येतं ते 'लोकसहभागा'च्या नावाने. कधी पंखे, कधी स्मार्ट टीव्ही, कधी बोअरची मोटर. व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य म्हणून काम करताना अशा वर्गण्यांमधून शाळेचं रूप पालटताना मी पाहिलं आहे, देणाऱ्यांबद्दल मनात आदरच आहे. तरीही या कामातून माझं मत पक्कं झालं आहे की वर्गणी हा शेवटी करच आहे, आणि सर्वांत अन्यायाने बसणारा कर आहे. ज्या गावाला कालव्याचं पाणी आहे, ज्याची पोरं पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत, तिथली शाळा महिन्याभरात डिजिटल होते. ज्या तांड्यावरचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथे कोणाकडे हात पसरायचा? कुवत कमी त्यांच्याच मुलांच्या वाट्याला कमी, असा हा हिशेब आहे. करातून शाळा चालवायची ती नेमका हाच हिशेब उलटा करण्यासाठी.

सरकारकडून येणारी रक्कम एकदा डोळ्यांखालून घालावी. समग्र शिक्षा अभियानात ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान २५ हजार रुपये ठरलेलं आहे, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरलेल्यात लाइट बिल, खडू, हजेरीपत्रकं, फिनेल, तुटलेली तोटी, शौचालयाची कडी. हे पैसेही बऱ्याचदा वर्ष सरत आल्यावर खात्यात पडतात. मग मुख्याध्यापक पदरमोड करतात किंवा पालकांकडे बघतात.

यावर हमखास ऐकू येतं की झेडपीच्या शाळेतले पालक कर भरतातच कुठे? भरतात. मोबाइलच्या प्रत्येक रिचार्जवर १८ टक्के जीएसटी जातो, तो शेतमजुराचाही आणि कारखानदाराचाही सारख्याच दराने. मुलांच्या वह्यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के कर होता. शहरात घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कराची वेगळी ओळ असते, १९६२ च्या राज्य कायद्यापासून चालत आलेली; भाडेकरू ती भाड्यातून भरतो. उलट खासगी शाळेची फी भरणाऱ्याला जुन्या आयकर पद्धतीत दीड लाखाच्या मर्यादेत वजावट मिळत आली आहे. सरकारी शाळेसाठी वर्गणी काढणाऱ्या मजुराला अशी कोणती सवलत आहे?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पैसा ओतून काय होणार, बराचसा पगारातच जातो आणि मुलांना वाचता येत नाही, असं म्हणतात. बेहिशेबी पैशाने शाळा सुधारत नाही, हे मला मान्य आहे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत शिक्षक दोनच. दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या, त्यात निवडणुकीची कामं. इथे पगाराची उधळपट्टी नसून शिक्षकांची टंचाई आहे. आणि बेहिशेबीपणा वरच मोठा आहे. केंद्राने २००७ पासून माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी एक टक्का जादा उपकर घेतला. २०१६-१७ पर्यंत ८३ हजार कोटींहून अधिक रक्कम जमली, पण त्यासाठी स्वतंत्र निधीच उभारला नव्हता, असं कॅगने दाखवून दिलं. आता आरोग्य आणि शिक्षणाचा मिळून चार टक्के उपकर आहे. उपकराच्या वसुलीत राज्यांना हक्काचा वाटा नसतो, आणि झेडपीच्या शिक्षकांच्या पगाराचा मुख्य भार मात्र राज्यावर असतो.

पालक एकत्र आले की सरकारला ऐकावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघातल्या खासगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली. त्याविरुद्ध पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या, आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. खासगी शाळेतल्या जागेसाठी आपण एवढं लढतो. मग सरकारी शाळेतला नळ, शिक्षक, पुस्तकं यांसाठी तेवढ्याच जिद्दीने का लढू नये?

त्यासाठी हत्यार हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कलम २२ सांगतं की समितीने केलेला शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा पाया असेल. बऱ्याच ठिकाणी मात्र हा आराखडा म्हणजे भरून, सही करून कपाटात ठेवलेला कागद असतो. पालकांनो, पुढच्या बैठकीत तो मागून घ्या, खऱ्या गरजा खऱ्या रकमांसह लिहा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या, आणि मार्चमध्ये जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पात त्यातलं काय आलं ते माहिती अधिकारात अर्ज करून विचारा. वर्गणीची पावती फाडण्याआधी हा अर्ज द्या.